स्वच्छ ढुंगणाच्या मेंढ्या

मारामा हेके गुरुवारी येणार होती आणि मंगळवारपासूनच ट्रेवेना या मेंढ्यांच्या शेतावर सगळे एकमेकांशी गोड बोलायला लागले होते. पेंगली घराण्यात गोड बोलणं दोनच प्रसंगी होई: कुणी मेलं की, आणि कुणाची सही हवी असली की. या आठवड्यात कुणी मेलेलं नव्हतं. मेरेडिथने काय ते ओळखलं आणि ती कांदा चिरत राहिली.

कातरणीचे दिवस होते. शेडवर सहा कातरणारे, शिवाय लोकर निवडणाऱ्या बायका आणि गठ्ठे बांधणारे धरून अकरा माणसं. त्यांचं चार वेळचं खाणं याच स्वयंपाकघरातून जायचं. त्यातच ॲडलेडहून तिचा धाकटा भाऊ नेव्हिल आणि त्याची बायको सास्किया गाडी भरून सामान घेऊन आले. तागाचे पडदे, मेणबत्त्या, मुद्दाम गंजवलेल्या बादल्या आणि एक लाकडी शिडी.

शिडी बघून म्हातारा वॉल खूश झाला. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, डोळ्यांनी अधू, पण शिडी लगेच दिसली.

"बरं झालं. पन्हळ तुंबलीय कधीची."

"डॅड, हिच्यावर चढायचं नाहीये," नेव्हिल म्हणाला. "ही ब्लँकेटं टाकायला आहे."

"मग दोरी का नाही आणलीस?"

सास्किया हसली. ती सगळ्यालाच हसायची, आणि तेवढ्या वेळात तिला हवं ते ठरवून मोकळी व्हायची. स्टिलवॉटर हा ब्रँड तिचा. स्वेटर, शाली, साबण आणि 'संथ जगणं' असं सगळं त्यात विकायला होतं. नावात पाणी असलं तरी ट्रेवेनात पाणी म्हणजे एक पत्र्याची टाकी आणि एक कोरडा ओढा. पण कोरड्या ओढ्याच्या नावाची शाल कोण घेणार? प्रत्येक शालीला एक जाड कागदी पट्टी लटकवलेली असे. तिच्यावर वॉलचा कोकरू कडेवर घेतलेला फोटो, आणि खाली: चार पिढ्यांचे हात. एकाही जिवाला इजा नाही. फोटोतलं कोकरू पुढे ईस्टरला ओव्हनमध्ये गेलं. ते पट्टीवर लिहायला जागा नव्हती.

मेलबर्नची एक संस्था असल्या ब्रँडांची सचोटी तपासून त्यांना ताऱ्यांऐवजी हिरवी पानं देई. जास्तीत जास्त पाच. स्टिलवॉटरला तीन होती. स्टॉकहोमचं एक मोठं दुकान त्यांचा सगळा माल घ्यायला तयार होतं, पण पाच पानं हवीत म्हणत होतं. ती पानं द्यायची की नाही, ते बघायला मारामा येत होती.

बुधवारी दुपारी जेवणं झाल्यावर नेव्हिलने टेबलावर एक कागद ठेवला. "मेर, बस ना जरा."

"उभ्यानेही ऐकू येतं मला."

कागद तिच्या ओळखीचा होता. लोकरीच्या गठ्ठ्यांबरोबर दरवर्षी जाणारं घोषणापत्र. गेली एकोणीस वर्षं ते तीच भरत होती. मेरिनो मेंढीच्या अंगाला कातडीच्या घड्या फार, आणि शेपटीखाली सगळ्यात जास्त. त्यात घाण अडकते, माशी अंडी घालते आणि अळ्या मेंढीला जितीजागती खातात. म्हणून कोकरू लहान असतानाच शेपटीखालची कातडी कात्रीने काढून टाकतात. जखम भरली की तिथे लोकर उगवत नाही, आणि माशीला जागा राहत नाही. हे केलं की नाही, केलं तर बधिर करून केलं का, ते त्या कागदावर लिहायचं असतं.

"'कधीच केलं नाही,' इथे खूण कर," नेव्हिल म्हणाला. "बास. बाकीचं मी बघतो."

"केलंय की."

"या वर्षी तर नाही ना?"

"जूनमध्ये. नऊशे चाळीस कोकरं. तुझा फोन येत होता, पण हात रक्ताने भरले होते म्हणून उचलला नाही."

"पण तू तो फवारा मारतेस ना? म्हणजे त्यांना दुखत नाही."

"कमी दुखतं. दुखत नाही असं मला अजून एकाही कोकराने सांगितलेलं नाही."

सास्कियाने खुर्ची पुढे ओढली. "मेर, आपलं तीन वर्षांपूर्वीच ठरलं होतं, हे बंद करायचं म्हणून."

"तुमचं ठरलं होतं. तरी मी ऐकलं. खालच्या रानातली दोनशे तशीच सोडली."

"मग? झालं की."

"फेब्रुवारीत पाऊस पडला. एकोणसाठ गेली. तू तेव्हा इटलीला होतीस, शालींचे फोटो काढायला." मेरेडिथने ओटा पुसायला घेतला. "घड्या नसलेल्या जातीचे मेंढे आणलेत मी. पिढी बदलायला वेळ लागतो. तीन वर्षं झाली, अजून पाच लागतील. मग कात्री लागणार नाही, आणि मग मी खुशाल खूण करीन."

"पाच वर्षं?" सास्किया म्हणाली. "आपलं कलेक्शन मार्चमध्ये येतंय."

कोपऱ्यात थेल्मा आत्या वीणकाम घेऊन बसली होती. वॉलची ही थोरली बहीण. तिचं लग्न झालं नव्हतं आणि जीभ अजून शाबूत होती. ती म्हणाली, "मेंढ्यांना कळव तसं. मार्चच्या आत आटपा म्हणावं."

नेव्हिलने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने आवाज खाली आणला. हा आवाज तो गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवी. "हे बघ मेर, माझं डॅडशी बोलणं झालंय. शेत माझ्या नावावर येणार हे तर ठरलेलंच आहे, आपल्यात तसंच असतं. पण हे घर आणि मागची बाग तू असेपर्यंत तुझी. वकिलाकडून तसा कागद करून घेऊ. तू सही कर, मी सही करतो."

"आणि नाही केली तर?"

"तर स्टॉकहोम गेलं. स्टॉकहोम गेलं की स्टिलवॉटर गेलं. मग मला ट्रेवेना विकावंच लागेल. नवा मालक तुला इथे ठेवील का, ते मी कसं सांगू?"

"मला पियानो मिळाला होता," थेल्मा आत्या टाके मोजत म्हणाली. "शेत वॉलला, पियानो मला. बेसूर होता. पण निदान माझ्याकडून खोटं तरी लिहून घेतलं नाही कुणी."

मेरेडिथने बापाकडे पाहिलं. हाच कागद कसा भरायचा ते तिला वॉलनेच शिकवलं होतं. लोकरीत एक काडी राहिली तर चालेल, कागदात नाही, असं तो म्हणायचा. त्याच्याच शब्दावर ती जगत आली होती. वॉल कपात बघत होता.

"मेर," तो म्हणाला, "एक खूणच तर आहे."

भावाच्या धमकीने तिला काही झालं नव्हतं. तो बारा वर्षांचा असताना बोर्डिंगला गेला तेव्हापासून तो धमक्याच देत होता आणि ती त्याचे मोजे धूत होती. पण हे वाक्य जाऊन बसलं. तिने फडकं पिळलं आणि वाळत घातलं.

तिचं गप्प राहणं नेव्हिलने होकार म्हणून घेतलं. तो मोकळा झाला. "आणि उद्या तिला शेडकडच्या मेंढ्या दाखवायच्या नाहीत हं. घरासमोरच्या कुरणात दुसऱ्या आणून ठेव. येताना शेजारच्या नोस्केच्या कुंपणापाशी बघितल्या मी. पांढऱ्या, गुटगुटीत, मागून एकदम स्वच्छ. एक दिवसासाठी मागून घे."

मेरेडिथ मागे वळली. वॉल छताकडे बघायला लागला.

"नोस्केच्या? नक्की त्याच?"

"मला मागून स्वच्छ हव्यात, एवढंच."

"मागून स्वच्छ आहेत," मेरेडिथ म्हणाली. "आणते."

*

मारामा विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीतून आली, आणि जेमस्टाउनच्या पुढे चार्जिंग संपत आल्यामुळे शेवटचे वीस किलोमीटर बैलगाडीच्या वेगाने आली. गाडी शेडच्या प्लगला लावली तशी कातरणीची सगळी यंत्रं बंद पडली. "पृथ्वी वाचली रे," आतून कुणीतरी ओरडलं, "आता मेंढ्या दातांनी कातरा." मारामाने गाडी काढून घराच्या प्लगला लावली, शेडच्या दारात जाऊन माफी मागितली, आणि आतल्या दोघांना त्यांच्या गावांची नावं विचारून आली. पंचेचाळिशीची, जाडजूड, पायात जुने बूट. सास्कियाला ते बूट फार आवडले. अशी झीज मुद्दाम आणायला किती खर्च येतो ते तिला माहीत होतं.

"आधी आमच्या मुलींना भेटा," ती म्हणाली आणि तिला समोरच्या कुंपणापाशी घेऊन गेली. घरातले सगळे मागोमाग गेले. कुरणात नोस्केच्या चाळीस मेंढ्या ठेवल्यासारख्या उभ्या होत्या.

"बघा ना, किती शांत आहेत," नेव्हिल म्हणाला. "मागून बघा हवं तर. कुठे एक ओरखडा नाही."

मारामाने कुंपणावर हात टेकले. बराच वेळ बघितलं. "यांचे स्वेटर करता तुम्ही?"

"स्वेटर, शाली, बाळांची दुपटी. हातात घेतलं तर सोडवत नाही."

"यांना लोकर नसते," मारामा म्हणाली.

वारा पडला होता. एक मेंढी खोकली.

"या डॉर्पर आहेत. मटणाच्या. यांचे केस आपोआप गळतात, म्हणून मागून स्वच्छ. माझी मावशी न्यूझीलंडात चाळीस वर्षं मेंढ्या कातरायची. तिच्यापुढे यातली एक आणून बसवली असती तर तिने आणणाऱ्यालाच कातरला असता."

नेव्हिल हळूहळू बहिणीकडे वळला. त्याच्या लहानपणी असल्या मेंढ्या या मुलखात नव्हत्या, आणि मोठेपणी त्याने मेंढी पाहिली ती ताटात. "मेर?"

"तू म्हणालास, मागून स्वच्छ."

वॉलला ठसका लागला. तो इतका लांबला की थेल्मा आत्याला त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या, आणि तिने त्या जरा जास्तच मनापासून मारल्या.

जेवायला सास्कियाने भाजलेलं बीट मांडलं होतं. त्यावर बिया, आणि खाली पानं. मारामाने ते कौतुकाने पाहिलं आणि मेरेडिथच्या पेस्ट्यांतली एक उचलली. कातरणाऱ्यांसाठी केलेल्या साध्या पेस्ट्या, मोठ्या करंज्यांसारख्या, आत मटण, बटाटा आणि सलगम. दुसरी खाताना तिने टॅब्लेट उघडला. एकशे बारा प्रश्न होते.

"ही मेणबत्ती कशाची?"

"सोयाची," सास्किया म्हणाली. "पूर्ण नैसर्गिक."

"सोया कुठला?"

"आमचा पुरवठादार फार प्रामाणिक माणूस आहे."

"कुठल्या देशातला?"

"तो प्रवासात असतो."

मारामाने काहीतरी लिहिलं. "मेंढ्यांना नैसर्गिकपणे वागायला वाव मिळतो का?"

"मेंढीचं नैसर्गिक वागणं एकच," वॉल म्हणाला. "रोज सकाळी उठायचं आणि मरायला नवी जागा शोधायची. त्यांना वाव मिळू नये म्हणून तर आम्ही इथे आहोत."

"हे असंच लिहू?"

"लिही की. माझ्या नावाने लिही."

नेव्हिल घाईने म्हणाला, "डॅड गंमत करतोय. आमचं नातं असं आहे की मेंढी आणि आम्ही…"

"नावावरून आठवलं," मारामा म्हणाली. "पट्टीवर चार पिढ्यांचे हात आहेत. मला एकच माणूस हवाय. जनावराला कात्री लावायची की नाही, दुखलं तर काय करायचं, हे ठरवणारं आणि त्याला जबाबदार असणारं. कोण?"

पाच वर्षं पट्टीवर, फोटोत, मुलाखतीत, सगळीकडे 'आम्ही पेंगली' होते. आता टेबलावर एकही पेंगली सापडेना.

"मी ब्रँड बघतो," नेव्हिल म्हणाला. "शेताचं सगळं डॅडकडे."

"माझे डोळे जाऊन सहा वर्षं झाली," वॉल म्हणाला. "मला मेंढी कुठली आणि थेल्मा कुठली ते आवाजावरून कळतं."

"माझ्याकडे फक्त पियानो," थेल्मा आत्या म्हणाली.

सास्किया बिया बाजूला सारत होती. "मी गोष्ट बघते," ती म्हणाली. "म्हणजे, आमची जी गोष्ट आहे ती."

घोषणापत्र मेरेडिथच्या ताटाशेजारी होतं, त्यावर नेव्हिलचं पेन आडवं ठेवलेलं. सगळ्यांना ते दिसत होतं, वॉललासुद्धा. मेरेडिथने पेन उचलून खिशात टाकलं, कागदाची घडी केली आणि ती उठली.

"चल," ती मारामाला म्हणाली. "आधी बघून घे. मग लिहू."

"मेर, तो भाग आपण…" नेव्हिल उठता उठता म्हणाला.

"तूही ये. तूही कुठे बघितलंयस?"

शेडमागच्या वाड्यात कातरायला आणलेल्या मेंढ्या दाटीने उभ्या होत्या. मेरेडिथने त्यातलं जूनमधलं एक कोकरू हनुवटीखाली धरलं, गुडघा लावला आणि एका झटक्यात ढुंगणावर बसवलं. आता ते आरामखुर्चीतल्या म्हाताऱ्यासारखं तिच्या पायांना टेकून बसलं, चारी पाय वर. शेपटीखाली दोन तळव्यांएवढी जागा उघडी होती. गुलाबी, गुळगुळीत, कडेला सुरकुतलेली.

"हे मी केलं," ती म्हणाली. "या हाताने. बधिर करून. तरी दुखतं. दोन दिवस नीट चालत नाहीत, आणि मी दिसले की पळतात."

तिने ते सोडून दिलं आणि कोपऱ्यातली एक मोठी मेंढी ओढून आणली. तिच्या मागल्या बाजूला लोकर जाग्यावर होती, पण मांडीपासून बरगडीपर्यंत कातडी काळी पडून आक्रसली होती, भाजल्यासारखी.

"आणि हे मी केलं नाही. खालच्या रानातली ही. न कापता सोडलेली. दोनशेतल्या वाचल्या त्यातली. तीन तास लागले होते अळ्या काढायला."

मारामा खाली बसली. त्या काळ्या कातडीवरून तिने अंगठा फिरवला, आणि मग काही वेळ तो बुटाला पुसत राहिली.

सास्किया कुंपणाच्या बाहेर होती. तिची तागाची पांढरी विजार तारेला अडकली होती, आणि तिचं त्याकडे लक्ष नव्हतं. "ही माझ्यामुळे?" तिने विचारलं.

"माशीमुळे," मेरेडिथ म्हणाली. मग जरा थांबून, "तू फोन केलास तेव्हा हिच्यापाशीच बसले होते. तुला मोकळ्या आभाळाखाली चरणाऱ्या मेंढ्यांचा फोटो हवा होता."

"मी वाटच बघत बसले. तू पाठवला नाहीस म्हणून रागावले होते."

"हो. कळलं होतं मला."

मारामा उठली. "माझ्याकडे यासाठी दोन चौकोन आहेत. इजा केली. इजा केली नाही. तिसरा नाही."

"मग पहिल्यात कर."

"तीनचं एक पान होईल."

"होऊ दे."

"थांबा," नेव्हिल म्हणाला. त्याच्या आवाजातलं गिऱ्हाईक गेलं होतं. "हे अधिकृत नाही. हिला कंपनीतर्फे बोलायचा अधिकार नाही. ही इथे फक्त मदत करते." मग तो बहिणीकडे वळला. "आणि तू घराचं विसर आता. त्या कागदाचं नाव काढायचं नाही."

मेरेडिथने मेंढी सोडली नव्हती. तिच्या गुडघ्यांना मेंढीच्या काळजाचे ठोके लागत होते. हे घर जाणार, तिला वाटलं. त्या घरात ती जन्मली होती, आणि आईला तिने तिथेच शेवटची आंघोळ घातली होती. पण हात जिथे होते तिथेच राहिले.

"नाव?" मारामाने विचारलं.

"मेरेडिथ जोन पेंगली." तिने एकेक अक्षर सांगितलं. स्टिलवॉटरच्या कुठल्याही कागदावर ते नाव आजवर आलेलं नव्हतं. पहिल्यांदा आलं ते इजेच्या चौकोनापुढे.

"हुद्दा?"

सास्किया हळू म्हणाली, "ती जे करते ते लिहा."

"काय करते?"

"चौकोन केवढा आहे?" थेल्मा आत्याने विचारलं.

तेवढ्यात शेडमधली यंत्रं एकेक करत थांबली. तीन वाजले होते. कातरणारे पायऱ्यांवर येऊन बसले, घाम पुसत, आणि सगळ्यांची तोंडं घराकडे. चहा आला नव्हता. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. आधी आई न्यायची, मग मेरेडिथ. नेव्हिलनेही सवयीने तिच्याकडे बघितलं.

वॉल कुंपणाचा खांब धरून उभा होता. कुणाचा चेहरा कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं, त्यामुळे तो साधारण सगळ्यांशीच बोलला. "घर अजून माझं आहे. मी मेलेलो नाही. कुणाच्या नावावर काय लिहायचं ते मी नव्याने सांगीन, आणि तेव्हा वकील मी बोलवीन." त्याने नाक पुसलं. "काल मी बोललो ते मूर्खासारखं बोललो, मेर. नेव्हिल, चहा."

"मी?"

"मोठी किटली चुलीवर आहे. केक लाल डब्यात."

"डॅड, मला इथे थांबायला हवं. हे सगळं…"

"तिला वेळ नाही," वॉल म्हणाला. "ती कामात आहे. साखर विसरू नकोस. बिनसाखरेचा चहा नेलास तर ते संध्याकाळपर्यंत मेंढीला हात लावणार नाहीत."

नेव्हिल उभा राहिला, मग चालायला लागला. चार पावलांवर थांबून त्याने विचारलं, साखर कुठे असते. थेल्मा आत्याने त्याला खुशाल शोधू दिली असती, पण सास्कियाने विजार तारेतून ओढून काढली, ती फाटली, आणि ती म्हणाली, "चल, मला तरी कुठे माहीत आहे."

मारामा टॅब्लेटवर बोट धरून थांबली होती. मेरेडिथने मेंढीची मान जरा सैल केली आणि दुसऱ्या गुडघ्यावर भार घेतला.

"पुढचा प्रश्न," ती म्हणाली.